एक शिधा, चार आचारी

३० डिसेंबर २०२४ ची सोमवती अमावस्या. सासवडहून जेजुरी लांब नाही, त्यामुळे सोमवती चुकवायची नाही हा आमच्या घरचा जुना नेम. पूर्वी अण्णा त्यांचा फिल्मचा कॅमेरा घेऊन जायचे, आता मी निकॉन डी७५० घेऊन जाते. कॅमेऱ्याला स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळायची, लेन्सवर यूव्ही फिल्टर चढवायचा, गडावर कासवाच्या पलीकडे भिंतीला पाठ लावायची आणि वाट बघायची. पालखी उठली की वरून, खालून, चारी बाजूंनी भंडारा उधळतो आणि पुढची काही मिनिटं आपण काय टिपतोय ते आपल्यालाही दिसत नाही. त्या दिवशी एक फ्रेम मनासारखी मिळाली. एक वाघ्या, डोळे मिटलेले, हात वर, आणि बोटांतून सुटलेला भंडारा अजून हवेतच.

घरी येऊन फाइल उघडली. अर्धा सेकंद तोच झगझगीत पिवळा दिसला, मग स्क्रीन एकदा लवली आणि चित्र फिकं, मळकट होऊन बसलं. माझ्याकडे काम शिकणारा पोरगा शेजारीच होता. म्हणाला, "ताई, फाइल गेली वाटतं."

फाइल गेली नव्हती. प्रत्येक रॉ फाइलच्या, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या आकड्यांच्या फाइलच्या, पोटात कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेलं एक जेपेग दडवलेलं असतं. कॅमेऱ्याच्या मागे दिसतं ते तेच, आणि सॉफ्टवेअर फाइल उघडताना क्षणभर दाखवतं तेही बहुतेक वेळा तेच. त्यानंतर सॉफ्टवेअर खऱ्या आकड्यांपासून स्वतःचं चित्र रांधायला घेतं. रंग उडाला असं आपल्याला वाटतं तो हा क्षण.

मी त्या पोराला शिध्याचा दाखला दिला. जेपेग म्हणजे वाढून आलेलं ताट; रॉ म्हणजे कोरडा शिधा. तांदूळ, डाळ, पीठ, गूळ. तोच शिधा चार घरी दिला तर चार चवींचा स्वयंपाक होणार, आणि त्यात कुणी कुणाला फसवलं असं होत नाही. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यापुढे लाल, हिरवी किंवा निळी अशी एकाच रंगाची गाळणी असते. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची ही मांडणी, पेटंट १९७६ चं. म्हणजे फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचा एकच आकडा आहे. उरलेले दोन रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून हिशेबाने काढायचे, पांढरं पांढरंच दिसावं म्हणून व्हाइट बॅलन्सचा गुणाकार करायचा, उजेडाची चढण ठरवायची, हे सगळं सॉफ्टवेअरच्या हातात.

पोराला शिधा कळला, पण त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता: "मग आचारी कोणता चांगला?" म्हणून जानेवारीतले बिनमुहूर्ताचे काही दिवस मी ही एकच फाइल घेऊन बसले. चार सॉफ्टवेअर, एक वाघ्या. लग्नाच्या ऑर्डरीचे फोटो मुद्दाम घेतले नाहीत, कारण हळदीइतकी कठीण परीक्षा दुसरी नाही, आणि जेजुरीत नुसती हळदच आहे.

कठीण का, ते सांगते. सेन्सरला हिरवा भरपूर दिसतो, लाल त्यामानाने कमी. म्हणून उन्हातल्या व्हाइट बॅलन्ससाठी लाल आकड्याला जवळपास दुपटीने गुणावं लागतं. भंडाऱ्यात लाल आधीच तुडुंब. गुणाकारानंतर तो जेपेगच्या डोक्यावरून जातो. दुसऱ्या टोकाला निळा जवळजवळ नसतोच, तो शून्याला टेकतो. लाल वर कापला गेला, निळा खाली कापला गेला, मधे उरला एकसारखा पिवळ्या रंगाचा लेप. भंडाऱ्याचे कण, त्याची धूळ, त्यातून दिसणारी बोटं, सगळं सपाट. कॅमेऱ्याच्या मागचा हिस्टोग्रामही, म्हणजे उजेडाचा आलेखही, त्या पोटातल्या जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो "गेलं, गेलं" म्हणून ओरडतो आणि आपण घाबरून दोन स्टॉप अंडर मारतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). प्रत्यक्षात रॉमध्ये लाल शाबूत असतो. माझी फाइल १४ बिटची आहे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला १६,३८४ पायऱ्या, जेपेगला २५६. जिना लांब आहे, फक्त चढता आला पाहिजे.

आधी निकॉनचं स्वतःचं एनएक्स स्टुडिओ. २०२१ पासून आहे, फुकट आहे, आणि कॅमेऱ्याने ठरवलेला पिक्चर कंट्रोल, ॲक्टिव्ह डी-लायटिंग वगैरे सगळं जसंच्या तसं उचलतं. उघडल्याबरोबर मला मागच्या स्क्रीनवरचाच पिवळा मिळाला, काहीच न करता. ज्याला फक्त थोडा उजेड, थोडा व्हाइट बॅलन्स करून गिऱ्हाइकाला पाठवायचं आहे त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल. कलर कंट्रोल पॉइंट नावाची एक सोय यात आहे: वाघ्याच्या कपाळावर टिंब ठेवायचं, भोवतीचा घेर ओढायचा, तेवढाच भाग उजळतो. मास्क, म्हणजे तेवढाच भाग वेगळा काढणारी झाकणी, रंगवत बसायला नको. पण माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते म्हातारीसारखं चालतं, एक स्लायडर हलवा आणि चहा ढवळा. आणि केलेलं काम ते त्याच फोल्डरमध्ये एनकेएससी_पॅराम नावाच्या उपफोल्डरात ठेवतं. तो फोल्डर बघून "हा काय कचरा" म्हणून मी एकदा उडवला होता. दोन दिवसांचं करेक्शन, माझ्याच हाताने.

लाइटरूम क्लासिक माझ्याकडे नाही. पुण्यातल्या मैत्रिणीच्या मशीनवर जाऊन केलं, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यात आणि पाहुणी म्हणून. खरं सांगू? चौघांत हात सगळ्यात लवकर यातच बसतो. सुरुवातीला ते ॲडोबी कलर प्रोफाइल लावतं, त्यात भंडारा जरा नारिंगीकडे झुकला. प्रोफाइल बदलून कॅमेरा स्टँडर्ड केलं तेव्हा निकॉनच्या जवळ आलं. मास्कमध्ये माणूस निवड म्हटलं की वाघ्या आपोआप निवडला जातो, बोटांच्या फटींसकट. लग्नाच्या दीड हजार फोटोंत हे किती वेळ वाचवतं ते सीझन काढलेल्यालाच कळेल. मैत्रीण महिन्याचे पैसे आनंदाने भरते आणि तिचं बरोबर आहे.

माझं गणित वेगळं. २०१५ चं लाइटरूम ६ ही एकदाच पैसे देऊन घ्यायची शेवटची आवृत्ती. त्यानंतर भाड्याचं घर. भाडं थांबलं तर कॅटलॉग, म्हणजे फोटोंची नि करेक्शनची नोंदवही, उघडतो, फोटो एक्सपोर्टही होतात, पण डेव्हलपची, म्हणजे करेक्शनची, खोली कुलूपबंद. माझं कायमचं काम, म्हणजे जेजुरीचं, वर्षातून दोन-तीनदा होतं आणि दहा-पंधरा वर्षं चालायचं आहे. त्याला भाड्याची खोली नको वाटते.

रॉथेरपी हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. फुकट आहे, २०१० पासून त्याचा कोडही सगळ्यांना खुला आहे. त्याचा स्वभाव सोनाराचा. ठिपक्यांमधून रंग काढायची पद्धत कोणती वापरू, हेसुद्धा ते विचारतं, आणि यादीत डझनभर नावं. मी अमेझ नावाच्या पद्धतीवर ठेवलं आणि भंडाऱ्याचे कण इतके सुटे, इतके टोकदार आले की मी स्क्रीनला नाक लावून बघत बसले. आणखी एक गोष्ट मला फार आवडली: पोटातल्या जेपेगशी उजेडाचा चढउतार जुळवून घ्यायचं एक बटण आहे. ते दाबलं की "रंग उडाला" ही तक्रार निम्मी जागच्या जागी मिटते. पण त्याचे टॅब, त्यांतले उपटॅब, त्यातल्या तीन प्रकारच्या शार्पनिंग... लग्नाच्या दीड हजार फोटोंवर हे घेऊन बसणारा माणूस पुढच्या लग्नाला पोचायचा नाही.

आता डार्कटेबल. मी गेली काही वर्षं ह्यावरच आहे, तेव्हा माझं मत जरा घरच्या सुनेबद्दल बोलल्यासारखं धरा, कौतुकही जास्त आणि कुरकूरही.

पहिली भेट वाईट होते, हे कबूल. उघडताना ते जेपेगसारखं दिसायचा प्रयत्नच करत नाही. सुरुवातीला आपणहून ०.७ स्टॉप उजेड वाढवतं, मग फिल्मिक किंवा सिग्मॉइड नावाचं मॉड्यूल (एका कामाचा कप्पा) तो उजेड स्क्रीनमध्ये मावेल असा दाबतं, आणि समोर येतो एक पचपचीत फोटो. नवीन माणूस इथेच उठून जातो. माझ्याकडे शिकणारा पोरगा उठलाच होता. शिवाय व्हाइट बॅलन्स दोन जागी: एक त्याच नावाचं मॉड्यूल, दुसरं कलर कॅलिब्रेशन. पहिल्याला हात लावला की दुसरं लाल अक्षरांत रागावतं. नियम एवढाच की पहिल्याला हात लावायचा नाही, उजेडाचा रंग दुसऱ्यातच सुधारायचा. पण हा नियम पहिल्या दिवशी कुणी कानात सांगत नाही.

आणि तरीही मी इथे का राहिले? भंडाऱ्यामुळेच.

रॉमधला लाल खरोखर कापला गेलाय का, हे डार्कटेबल रॉच्या आकड्यांवरून दाखवतं, जेपेगच्या नाही. खाली एक छोटं बटण आहे, ते दाबलं की खरोखर भरून वाहिलेले ठिपके तेवढे रंगून दिसतात. माझ्या वाघ्याच्या फ्रेममध्ये पितळी कासवाच्या पाठीवरची चमक सोडली तर काहीच रंगलं नाही. म्हणजे मला जे गेलं वाटत होतं ते सगळं फाइलीत होतं. मग कलर बॅलन्स आरजीबीमध्ये पॅरामेट्रिक मास्क लावला: फक्त पिवळ्या छटा, त्यातही फक्त उजळ, त्यातही हाताने आखलेल्या गोलाच्या आतल्या. तेवढ्याचाच गर्दपणा कमी केला. सॅच्युरेशन थोडं खाली, ब्रिलियन्स थोडी खाली, आणि सपाट लेपातून धूळ निघाली. धुळीमागून बोटं निघाली. मधल्या बोटातली अंगठी निघाली, जी मला प्रत्यक्षातही दिसली नव्हती.

ही युक्ती मग लग्नांत वापरायला लागले. हळदीच्या कार्यक्रमात नवरीच्या गालावर हळद, अंगात पिवळी साडी, मागे झेंडूचं तोरण. जेपेगमध्ये ह्या तिघांचा एक गोळा होतो. आणि मंगल कार्यालयातले ते जांभळे एलईडी दिवे! स्टेजवरच्या नवऱ्याच्या कानावर जांभळा डाग असा चिकटतो की पाटीवर शाई सांडावी. कलर कॅलिब्रेशनमध्ये गॅमट कॉम्प्रेशनचा एक स्लायडर आहे, तो थोडा वाढवला की डाग पातळ होतो. पूर्ण जात नाही. दिवेवाल्याला आधी सांगणं हाच खरा इलाज, पण दिवेवाले आमचं कधी ऐकतात.

डार्कटेबलचा इतिहास मला आवडतो म्हणून एक वाक्य: २००९ मध्ये योहानस हनिका यांनी सुरू केलं, वर्षानुवर्षं लिनक्सवाल्यांचंच होतं, विंडोजवर २०१७ च्या शेवटी २.४ आवृत्तीपासून आलं. वर्षातून साधारण दोन आवृत्त्या, एक जूनच्या सुमारास आणि एक नाताळात. माझ्याबरोबर काम करणाऱ्याचा कॅनन आहे, त्याच्या सीआर३ फाइली (कॅननची रॉ) २०२१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे ३.८ येईपर्यंत, यात उघडत नव्हत्या. तो फॉरमॅट तर २०१८ पासूनच बाजारात होता. नवा कॅमेरा घेणार असाल तर आधी फाइल उघडते का बघा, मग चेक फाडा.

इथपर्यंत आचाऱ्यांची गोष्ट. खरा घोळ होतो तो एकाचं अर्धवट शिजलेलं दुसऱ्याच्या चुलीवर चढवताना, आणि मला मेसेज येतात ते बहुतेक ह्याच घोळाचे.

रॉ फाइलीला कुणीच हात लावत नाही. केलेलं करेक्शन म्हणजे नुसत्या सूचना, आणि त्या शेजारी एका छोट्या फाइलीत किंवा कॅटलॉगमध्ये राहतात. लाइटरूम आणि डार्कटेबल दोघंही त्या फाइलीला एक्सएमपी म्हणतात, म्हणून लोकांना वाटतं की दोघांची भाषा एक. लिपी एक आहे, भाषा नाही. लाइटरूम डीएससी_४१२७ च्या मागचं एनईएफ (निकॉनच्या रॉ फाइलीचं शेपूट) काढून त्याजागी एक्सएमपी लावतं. डार्कटेबल एनईएफ ठेवून त्याच्यामागे एक्सएमपी जोडतं. त्यामुळे लाइटरूमला डार्कटेबलची फाइल दिसतसुद्धा नाही. डार्कटेबल पहिल्यांदा फोटो आत घेताना लाइटरूमची एक्सएमपी वाचतं, तारे, टॅग, रंगाची लेबलं बरोबर आणतं. क्रॉप, एक्स्पोजर, टोन कर्व्ह, ग्रेन असं थोडं करेक्शनही आणतं. पण चित्र तेच येईल ही आशा ठेवू नका. उलट दिशेला तर काहीच जात नाही, कारण डार्कटेबलचं फिल्मिक लाइटरूमच्या स्वयंपाकघरात भांडंच नाही. आणि लाइटरूमवाल्यांसाठी एक: तिथे बदल एक्सएमपीत आपोआप लिहिणं मुळात बंद असतं, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. नाहीतर फोल्डर दुसऱ्याला दिला की नुसता कोरडा शिधाच जातो, तारेसुद्धा जात नाहीत.

एनईएफचं नाव विंडोजच्या एक्सप्लोररमधून बदलू नका. मी एका साखरपुड्याच्या सगळ्या फाइलींची नावं हौसेने बदलली, एक्सएमपी जुन्याच नावाच्या मागे राहिल्या, आणि डार्कटेबलच्या यादीत प्रत्येक फोटोवर कवटीचं चित्र. हो, खरंच कवटी. फाइल सापडली नाही की ते कवटी दाखवतं. रात्री ती रांग बघितली आणि छातीत धस्स झालं. नाव बदलायचं तर दोन्ही फाइलींचं, नाहीतर कुणाचंच नाही.

डीएनजी करून ठेवावं का, हेही विचारतात. ॲडोबीने २००४ मध्ये काढलेला हा सगळ्यांसाठीचा फॉरमॅट, रूपांतर करणारा प्रोग्राम फुकट आहे. ज्याच्याकडे जुनं लाइटरूम ६ आहे आणि कॅमेरा नवा आहे, त्याला हा एकच रस्ता. पण त्याने रंगाचा पेच सुटत नाही, शिधा फक्त दुसऱ्या पिशवीत भरला जातो. शिवाय एनएक्स स्टुडिओ ती पिशवी उघडत नाही. मी करत नाही.

एका सॉफ्टवेअरमधून खरोखरच शिजलेलं अन्न दुसरीकडे न्यायचं असेल, म्हणजे डार्कटेबलमध्ये रंग आणि जिंप या फुकट फोटो-एडिटरमध्ये मागची बादली खोडणं, तर १६ बिट टिफ, म्हणजे शिजलेलं चित्र काही न गमावता ठेवणारी फाइल. माझी २४ मेगापिक्सेलची एनईएफ २८-३० एमबीची. तिची टिफ जवळपास १४५ एमबी होते. म्हणून निवडलेल्या दहा-बारांचीच. जिंप रॉ स्वतः उघडत नाही, उघडायला सांगितलं तर डार्कटेबल किंवा रॉथेरपीलाच हाक मारतं. त्यामुळे "जिंपमध्ये रॉ करतो" म्हणणारा मुळात ह्या दोघांपैकी एकातच करत असतो.

टिफवरून माझी एक फजिती. पहिल्या वर्षी मी प्रोफोटो आरजीबीमधली टिफ, मोठा रंगविस्तार म्हणून, तशीच अल्बमच्या लॅबला पाठवली. १२ बाय ३६ चा अल्बम आला तो असा की सगळी वरात काविळीतून उठल्यासारखी. लॅबवाला म्हणाला, "मॅडम, आम्ही एसआरजीबी धरूनच छापतो." एसआरजीबी म्हणजे स्क्रीनचा नेहमीचा, लहान रंगविस्तार. चूक माझी, पैसेही माझेच. आता लॅबला जातं ते एसआरजीबी जेपेग, आणि टिफ घरच्या डिस्कवर.

चारही सॉफ्टवेअरमधून वाघ्याचे चार प्रिंट काढले, आठ बाय बारा, एकाच लॅबमधून एकाच दिवशी. मागे पेन्सिलीने नावं लिहिली आणि स्टुडिओच्या काउंटरवर मांडले. अण्णा संध्याकाळी येऊन बसतात. त्यांनी आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत लाल बल्बखाली प्रिंट काढलेत, सॉफ्टवेअरचं त्यांना देणंघेणं नाही. रॉथेरपीचा उचलला, बारकाई बघितली, ठेवला. लाइटरूमचा बघून म्हणाले, चेहरा छान आलाय. मग माझा डार्कटेबलचा, अंगठीवाला, ज्याच्यावर मी तीन रात्री घातल्या होत्या, तो हातात घेऊन खिडकीपाशी गेले.

"धूळ झकास निघालीय," म्हणाले. "पण ही हळद कुठल्या गावची?"

मी बघितलं. खरंच, गर्दपणा कमी करताना पिवळा लिंबाकडे सरकला होता. त्यांनी काही न बोलता देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची कोयरी आणून प्रिंटशेजारी ठेवली. मी पोराला फाइल पुन्हा उघडायला सांगितली.